डबीखालचं बटण

सिद्धनाथला गाडी शिकवली ती त्याच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. अजिनाथ दाजींनी उमेदीची सगळी वर्षं हैदराबाद लाईनला ट्रक हाणला होता. क्लच आणि गिअर त्यांनी मेहुण्याला आठवड्याभरात शिकवून टाकले. पण गाडी चोरांपासून कशी राखायची, हे मात्र महिनोन् महिने घोटून घेतलं. मास्तरानं पाढे म्हणून घ्यावेत तसं.

"मागनं कुणी ठोकलं तर?" दाजी विचारायचे.

"उतरायचं न्हाय. माणसं असत्यात तितपर्यंत जायचं. धाबा, पंप, न्हायतर गाव."

"काचंवर अंडं मारलं तर?"

"वायपर लावायचा न्हाय, पाणी सोडायचं न्हाय. पाण्यानं अंडं फासून काच आंधळी हुती. दिसतंय तेवढ्यातनं गाडी काढायची."

"रस्त्यात बाई रडत हुबी असली तर?"

हा प्रश्न आला की सिद्धनाथ अडखळायचा. सांगोल्याकडचं धनगराचं पोर ते, रानात कुणाची हाक आली की पळत जायचं एवढंच त्याला ठाऊक. पण शेवटी तेही पाठ झालं. "काच बोटभर खाली करायची. फोन लावून द्यायचा. दार उघडायचं न्हाय."

"आन् चाकूच दाखवला तर?"

"किल्ली द्यायची. गाडीपरीस जीव मोठा."

"शाबास रं पठ्ठ्या!" म्हणून दाजी पाठीवर अशी थाप मारायचे, की पोरगं पुढच्या स्टिअरिंगवर आदळायचं.

सगळ्यात शेवटचा धडा चोरबटणाचा. लाईनवरचे बरेच ड्रायव्हर गाडीत कुठंतरी एक बटण लपवून बसवतात. ते दाबल्याशिवाय किल्ली कितीही फिरवा, गाडी ढिम्म हलत नाही. चोर किल्ली घेऊन बसतो, फिरवून फिरवून घामाघूम होतो आणि गाडी टाकून पळतो. "हे बटण कुटं हाय, कुणाला सांगायचं न्हाय," दाजी म्हणाले होते. "आईला न्हाय, उद्या बायको आली तर तिला न्हाय. आन् मला बी न्हाय. मी दाजी असलो म्हणून काय झालं? मला बी दाखवू नको." सिद्धनाथला त्या वेळी दाजींचा इतका अभिमान वाटला की शहरातल्या भाड्याच्या गाड्यांच्या स्टँडवर चार लोकांत तो हे वाक्य सांगत सुटला. असा दाजी मिळायला नशीब लागतं, असं तो म्हणायचा. आणि ते त्याचं मनापासूनचं मत होतं.

पांढरी सात सीटची गाडी आली ती आईच्या मेंढरांवर. राजाबाईनं आयुष्यभर राखलेला कळप एका सकाळी विकून दुसऱ्याच्या मागं लावून दिला आणि त्या दिवशी ती जेवली नाही. मेंढरं गेली तरी बिरोबाचा भंडारा घरात होताच. त्यातला मूठभर तिनं जर्मनच्या जुन्या डबीत भरला. डबीचं मूळचं झाकण कधीच हरवलेलं. तिला तांब्याचं झाकण बसवलेलं होतं, ते ठोकून ठोकून वाकडं झालं होतं. "ही गाडीत ठिव," ती म्हणाली. "माजी मेंढरं आता तुज्या गाडीत हायत."

सिद्धनाथनं डॅशबोर्डमध्ये डबीपुरता खळगा करून घेतला आणि त्या खळग्यातच, डबीच्या बुडाखाली, चोरबटण बसवलं. गाडी सुरू करताना दर वेळी डबी उचलायची, चिमूटभर भंडारा कपाळाला लावायचा आणि त्याच हातानं बटण दाबायचं. शेजारी बसलेल्या माणसाला वाटायचं, काय देवभोळा ड्रायव्हर आहे! एवढी अक्कल आपल्याला कुठून आली, याचं त्याचं त्यालाच नवल वाटे.

आणि मग आला धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरणाचे धोंडे आणि अनारसे वाढायचे, कपडे करायचे, त्याच्या पाया पडायचं. त्या दिवशी जावयाला नाही म्हणणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्माला यायचाय. राजाबाईनं सगळी हौस केली. नवा फेटा बांधून, पोट तट्ट भरून दाजी दारात आले आणि म्हणाले, "सिद्धा, आण किल्ली. गावातनं एक चक्कर मारून येतो."

मांडवात पाहुणे बसले होते. दाजी गाडीत बसले, किल्ली फिरवली. गाडी गप्प. पुन्हा फिरवली. तरी गप्प. कुणीतरी खुसखुसलं.

"का रं?" दाजी काचेतून डोकं काढून म्हणाले. "जावयाचा हात तुज्या गाडीला चालंना व्हय?"

मांडवभर हशा पिकला. राजाबाईनं मुलाकडं असे डोळे वटारले की त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आजच्या दिवशी जावयाचं हसं! सिद्धनाथ धावत गेला, खिडकीतून हात घातला, डबी उचलली, बटण दाबलं. दाजी क्षणभर बघत राहिले आणि मग खदाखदा हसले. "बिरोबाच्या बुडाखाली! वा रं वा!" त्याची थोरली बहीण, अक्का, मागच्या सीटवर बसली होती. तीही तोंडाला पदर लावून हसली. सिद्धनाथही हसला. आपल्याच माणसांत कसली आलीय चोरी?

ह्यानंतर थोड्याच दिवसांनी, पाऊस अजून लांब होता आणि ऊन डोकं फोडत होतं, तेव्हाची गोष्ट. सिद्धनाथ अक्कलकोटला भाविक सोडून परत निघाला होता. दुपारी अक्काचा फोन आला. तो रोजच यायचा. राजनंदिनीअक्कानं भावाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तो जेवला का नाही, हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"जेवलास का?" अक्का म्हणाली.

"व्हय, प्रसाद खाल्ला."

"कुटं हाईस? शीट हाय का रिकामाच?"

"रिकामाच निघालोय, गाडीत कुणी न्हाय. आत्ताच गाव सोडलं."

"बरं," अक्का म्हणाली. जरा थांबली. "ये दमानं."

वाटेतलं वळसंग गाव जवळ आलं आणि मागून एक मोटरसायकल येऊन धाडकन बंपरला धडकली. आरशात बघितलं तर दोघं जण रस्त्यात गाडी आडवी करून हातवारे करत होते. सिद्धनाथच्या काळजात चर्र झालं. नवी गाडी! उतरून बंपर बघावा असं हजारदा वाटलं. पण दाजींचा पाढा आपोआप सुरू झाला. उतरायचं न्हाय, माणसं असत्यात तितपर्यंत जायचं. पुढंच एक धाबा होता. दाजींनी शिकवताना बोट करून दाखवला होता. "ह्या रस्त्याला काय बी झालं तर हितंच थांबायचं. सारखी माणसं असत्यात." सिद्धनाथनं थेट त्याच धाब्याच्या अंगणात गाडी घातली, किल्ली काढून हातात घेतली आणि उतरला. एकही नियम त्यानं मोडला नाही.

धाबा बंद होता. चुलीत राखसुद्धा नव्हती. मालक गावाला गेलेला. बाजेवर तिघं बसले होते ते गिऱ्हाईक नव्हते, हे सिद्धनाथला कळेपर्यंत मोटरसायकलवाले मागं येऊन उभे राहिले होते. एकानं कोयता दाखवला. तो वर उचललासुद्धा नाही, नुसता दाखवला.

गाडीपरीस जीव मोठा. सिद्धनाथनं किल्ली दिली, फोन दिला. पण मनात कुठंतरी एक खुंटी घट्ट होती. फिरवा म्हणावं किल्ली, संध्याकाळपर्यंत फिरवा! त्यांच्यातला एक जाडजूड गडी चालकाच्या जागेवर बसला. त्यानं किल्ली लावली. पण फिरवली नाही. आधी त्याचा हात सरळ डबीकडं गेला. डबी उचलून त्यानं सीटवर ठेवली, खळग्यात बोट घातलं, बटण दाबलं आणि मग किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. बोटांना लागलेला भंडारा त्यानं विजारीला पुसला.

त्यानं इकडंतिकडं चाचपलं नाही, शोधलं नाही. स्वतःच्या घरातल्या खुंटीवरची टोपी काढावी, तसा त्याचा हात गेला होता. कोयत्यानं झालं नाही ते सिद्धनाथला त्या हातानं झालं. तो मटकन खाली बसला. गाडीचा जीपीएस उपटून त्यांनी बाभळीत फेकला आणि धुरळा उडवत ते निघून गेले.

दुधाच्या टेंपोवाल्यानं त्याला वळसंगात सोडलं. तिथल्या दुकानातून त्यानं पहिला फोन कुणाला लावला? दाजींनाच. दुसरं कोण होतं त्याला? दाजी मोटरसायकल दामटत आले, भर चौकात त्याला छातीशी धरलं आणि म्हणाले, "जीव वाचला, हेच लई झालं रं." सिद्धनाथ त्यांच्या खांद्यावर लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

पोलीस ठाण्यात फौजदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "किल्ली घेतली, मान्य. पण बटणाचं काय? ते कुणाला माहीत होतं?"

दाजी शेजारीच उभे होते. त्यांच्या शर्टाला घामाचा तोच वास येत होता, शिकवताना यायचा तो. सिद्धनाथच्या मनात एक काटा होता आणि तो त्यानं अंगठ्यानं दाबून आत ढकलला. दाजींचं नाव घेतलं तर दाजींना बाकावर बसवतील, नाही नाही ते विचारतील. अक्काला तोंड कसं दाखवायचं? आणि दाजींवर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या हातावर घ्यायचा.

"कुणालाच न्हाय, साहेब," तो म्हणाला.

"कुणालाच नाही?" फौजदार हसले. "मग काय बिरोबानं चोराच्या स्वप्नात जाऊन सांगितलं?" आणि मग हसू गिळून म्हणाले, "हे बघ पोरा. बटण तुला एकट्याला माहीत असेल, तर गाडी तूच दिलीस. विम्यासाठी असली नाटकं करणारे आम्ही लई बघितलेत. घरी जा, विचार कर आणि खरं सांगायला ये."

ते बोलणं ठाण्यातून स्टँडवर पोचायला वेळ लागला नाही. काल चहा पाजणारे ड्रायव्हर आज त्याला बघून फोनमध्ये तोंड घालू लागले. गावाहून आईचा फोन आला. ती म्हणाली, "मेंढरं गेली. गाडी गेली. आता लोकं माज्या पोराला चोर म्हनत्यात व्हय रं?" सिद्धनाथला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. कुणासाठी गप्प बसलो आपण? पण लगेच त्यानं स्वतःलाच झापलं. त्या पडत्या काळात दोघंच तर त्याच्या बाजूला होती. अक्का दोन्ही वेळ डबा पाठवत होती. दाजी रोज येऊन सांगत होते, "भिऊ नको. मी हाय की."

फौजदारांनी पुन्हा बोलावलं, त्या सकाळी तो विजापूर रोडला अक्काच्या घरी गेला. दाजीच म्हणाले होते, की मी संगं येतो, साहेबांना सांगतो पोरगं सरळ आहे म्हणून. दोन खोल्यांचं घर. दाजी आरशापुढं भांग पाडत होते. अक्कानं चहा दिला, भाकरी खा म्हणून मागं लागली, त्यानं खाल्ली नाही म्हणून डोळ्यांना पदर लावला.

"चल," दाजी म्हणाले.

"थांबा की जरा," अक्का म्हणाली. "पोरगं असल्या कामाला निघालंय. भंडारा लावते."

आईकडून आलेली ही सवय. धनगराच्या घरातून कुणी मोठ्या कामाला बाहेर पडलं, की बाईचा हात भंडाऱ्याकडं जातो. त्यासाठी विचार करावा लागत नाही. अक्का देवाच्या फळीपाशी गेली, खणाआडून डबी काढली, चिमूट घेतली. सिद्धनाथनं डोकं वाकवलं. तिच्या अंगठ्यानं कपाळावर भंडारा ओढला. त्या स्पर्शानं त्याला इतकं बरं वाटलं, की आता फाशी दिली तरी चालेल असं वाटून त्यानं डोकं वर केलं. अक्काच्या डाव्या तळहातावर डबी होती. जर्मनची. तिच्या शेजारी तांब्याचं, ठोकून वाकडं झालेलं झाकण.

अक्कानं त्याच्या नजरेच्या मागोमाग आपल्या हाताकडं बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं डबी पदराखाली घेतली, लहानपणी गुळाचा खडा लपवायची तशी.

"अक्का," सिद्धनाथ म्हणाला, "ही गाडीत हुती."

"देवाचं हाय..." ती पुटपुटली. "देव कसा टाकायचा रस्त्यात? ह्यांनी आणली. म्हनले, गाडी गेली तर गेली, देव नगं जायाला त्यांच्यासंगं."

गाडी विकून खाताना काही वाटलं नाही, पण भंडारा चोरांच्या हाती जाताना ह्यांचा धर्म जागा झाला होता. सिद्धनाथला हसू आलं आणि त्या हसण्याचीच त्याला भीती वाटली.

दाजींनी कंगवा खिशात ठेवला. ते ओरडले नाहीत, पाया पडले नाहीत. खाटेवर बसले आणि समजूत काढावी तसं बोलू लागले. "हे बघ सिद्धा. तुला खरचटलं तरी का? मीच बजावलं हुतं त्यांना, पोराच्या अंगाला हात लावायचा न्हाय. म्हनून तर कोयता नुसता दाखवला. गाडीचा विमा हाय. आज न्हाय तर उद्या तुला दुसरी मिळंल. माजं काय? सारा जलम दुसऱ्याच्या गाड्या हाणल्या. तुला शिकवला म्या, आन् तू मालक झालास. मी बदली ड्रायव्हर म्हनून तुज्या मागं स्टँडवर हुबा. भागीत घे म्हनलो तर तुजी आई म्हनली, जावयानं जावयासारखं ऱ्हावं."

"मला चोर म्हनत्यात, दाजी."

"म्हनू दे. चार दिस म्हनत्यात आन् इसरत्यात."

हा माणूस आपल्याला वळसंगच्या चौकात छातीशी धरून उभा होता. गाडी गेल्याचं दुःख सिद्धनाथला एकदम बारकं वाटू लागलं. ज्या खांद्यावर आपण रडलो, तो खांदा धुऊन काढता येत नाही, ह्याचीच त्याला किळस आली. पण अजून एक गोष्ट विचारायची उरली होती आणि ती दाजींना विचारायची नव्हती.

"अक्का, त्या दिवशी तू फोन केलास. शीट हाय का रिकामा, म्हनून इचारलंस. असं तू कदी इचारत न्हाईस. जेवलास का, एवढंच इचारतीस."

अक्का पायाच्या अंगठ्यानं फरशीवर काहीतरी ओढत राहिली.

"तुला कुणी धरून ठिवलं असतं, मारलं असतं, तर मी जीव दिला असता," ती शेवटी म्हणाली. "शीट असली की गडबड झाली असती. तुला लागलं असतं. म्हनून इचारलं रं. तुज्यासाटीच इचारलं."

सिद्धनाथनं हात पुढं केला. अक्कानं पदराखालची डबी घट्ट धरली. मग तिची बोटं सैल झाली आणि तिनं ती दिली. "माज्या लेकरांकडं बघ, सिद्धा," ती म्हणाली. "त्यांचा तू मामा हाईस."

तो दाराकडं वळला. दाजी खाटेवरून उठले नाहीत. त्यांचा आवाज अगदी शिकवतानासारखा, शांत होता.

"मला दोष देऊ नको, सिद्धा. म्या तुला आधीच सांगितलं हुतं. मला बी दाखवू नको म्हनून."

विजापूर रोडवरून ठाण्यापर्यंत तो चालत गेला. रिक्षावाले थांबून विचारत होते, त्याला ऐकू येत नव्हतं. डोळ्यांपुढं भाच्यांचे चेहरे येत होते आणि त्यांच्या मागून आईचा आवाज. माज्या पोराला चोर म्हनत्यात व्हय रं? ठाण्याच्या पायरीवर त्याचे पाय अडले. इथून परत फिरलं तर अक्काचं घर वाचतं. आत गेलं तर आपलं नाव. दोन्ही हातात धरून जायची वाट कुठं दिसत नव्हती. बराच वेळ तो तिथंच उन्हात उभा राहिला. घामानं भंडारा ओघळून भुवईत आला, डोळ्यात गेला आणि डोळा चुरचुरू लागला. डोळा पुसत पुसत तो आत गेला.

फौजदारांनी मान वर करून बघितलं. "कपाळाला भंडारा लावून आलास? कुणी लावला?"

"बहिणीनं," सिद्धनाथ म्हणाला आणि डबी टेबलावर ठेवली. तांब्याचं झाकण नीट बसेना, ते त्यानं दोनदा दाबून बसवलं.

"बरं. मग सांग आता. बटण कुणाला माहीत होतं?"

"दाजींना. अजिनाथ दाजींना."

फौजदारांनी पेन उचललं. "आणखी कुणाला?"

सिद्धनाथनं डबीवरचा हात काढून घेतला.

"माज्या अक्काला," तो म्हणाला.